वाळूचा टिप्पर, ओलं भंगार आणि बारा मीटरची सळई

जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यात पासोडी-चांडोळ शिवारात 22 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे जे पाच मजूर गेले, ते काम करत नव्हते. झोपले होते. पुलाच्या कामावर पत्र्याचं शेड टाकून त्यांनी मुक्काम केला होता आणि अंधारात आलेल्या टिप्परने त्या शेडवरच वाळू रिकामी केली. एका मुलीला ढिगाऱ्यातून जिवंत काढता आलं. त्याआधी, ऑगस्ट 2021 मध्ये, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामाचं लोखंड घेऊन चाललेला टिप्पर उलटला आणि त्यावर बसलेले 13 मजूर दगावले. तेही त्या घडीला काम करत नव्हते, प्रवासात होते.

या अठरा जणांच्या डोक्यावर हेल्मेट असतं तरी काही उपयोग झाला असता असं वाटत नाही. दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ होते, गेटवर बॅनर लागतो, नवे कोरे बूट घालून फोटो निघतात. त्याला हरकत नाही. पण माणूस जातो तो पुष्कळदा कामाच्या कडेला: झोपेत, जाता-येता, माल उतरवताना, भंगार निवडताना, ‘एवढं उरकू आणि मग जेवायला बसू’ म्हणताना. या वेळेला कुणी कामाची वेळ समजत नाही, म्हणून तिला नियमही नसतो. जालना जिल्ह्यात पोलादाच्या भट्ट्या आहेत, रोलिंग मिल आहेत, रस्ते-पूल आहेत, दरेगाव-जवसगावचं ड्रायपोर्ट आहे आणि गल्लोगल्ली चालू असलेली घरांची बांधकामं तर मोजू नयेत इतकी. या सगळ्या ठिकाणच्या मुकादमासाठी, लहान ठेकेदारासाठी, भट्टीवरच्या सुपरवायझरसाठी आणि घर बांधायला काढलेल्या मालकासाठी पुढचं लिहिलं आहे.

मुक्काम कुठे टाकायचा

साइटवर पाल किंवा शेड टाकण्याआधी एकच गोष्ट बघायची: इथपर्यंत गाडी येते का? येत असेल तर ती झोपायची जागा नव्हे. मजूर सपाट, दाबलेली, कोरडी जागा बघून शेड उभं करतात आणि टिप्परवाल्यालाही माल टाकायला नेमकी तीच जागा बरी वाटते. दोघांची आवड एक, सगळी अडचण तिथेच आहे. जागा बदलणं शक्य नसेल तर शेडच्या ज्या बाजूने गाडी येऊ शकते तिथे दोन माणसांना हलणार नाहीत असे दगड किंवा काँक्रीटचे ठोकळे लावा, नाहीतर जेसीबी साइटवर असतोच, त्याच्याकडून दोन फुटी चर मारून घ्या. लाल-पांढरी रिबन बांधून समाधान मानू नका, टिप्परच्या चाकाला ती कळतसुद्धा नाही. पत्र्यावर चमकणारी पट्टी चिकटवा आणि रात्रभर जळेल असा एक दिवा लावा. या सगळ्याचा खर्च एका ट्रिपच्या वाळूइतकाही नाही.

वाळू रात्री का येते हे आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. ती येऊ नये हे खरं उत्तर. पण माल रात्री येणारच असेल, मग तो वाळू असो, खडी असो की सिमेंट, तर ठेकेदाराचा एक माणूस टॉर्च घेऊन रिकामं करायच्या जागेवर उभा असला पाहिजे. तो नसेल तर ड्रायव्हरने गाडी उभी करून वाट बघायची. हे वाहतूकदाराशी दर ठरवतानाच बोलून घ्यावं: खाली उतरून मागची जागा पायी बघितल्याशिवाय हौदा उचलायचा नाही, आणि उचलण्याआधी हॉर्न द्यायचा. हौदा वर घेताना डोक्यावर विजेची तार आहे का हेही त्याच फेरीत बघून होतं.

रिव्हर्स घेताना आपल्याकडे क्लीनर गाडीच्या थेट मागे उभा राहून ‘आने दे, आने दे’ करतो. मागे ढिगारा आणि पुढे गाडी, मध्ये तो. त्याने ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहायचं. आरशातून क्लीनर दिसेनासा झाला की ड्रायव्हरने ब्रेक मारायचा, तो पुन्हा दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही. ही एवढी एक सवय लागली तरी साइटवरचे कितीतरी अपघात टळतील.

कामावर बायका आणि लेकरं असतात हेही मान्य करून टाकू या. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त महिला असलेल्या कामावर पाळणाघर सक्तीचं केलं होतं. लहान कामाला त्या अटीचा आधार मिळत नाही. मग पाच-सहा लेकरं असली तर एका बाईला त्यांच्याजवळ बसवा आणि तिची हजेरी पूर्ण भरा. लेकरू वाळूच्या ढिगावर खेळतं, दुपारी तिथेच सावली बघून झोपतं, आणि ढीग भरायला लोडर येतो तेव्हा ते लोडरवाल्याला दिसत नाही.

लोखंडावर बसून जाऊ नये

सळईच्या गाडीवर बसू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी संध्याकाळी ‘गाडी तिकडंच चालली, बसा’ असं म्हटलं जातं. सळई ही बांधलेली असली तरी वळणावर सरकते, ब्रेक दाबला की पुढे येते. गाडी उलटली तर माणूस खाली आणि काही टन लोखंड त्याच्यावर. मुकादमाला इथे एकच सोपं काम आहे: मजुरांची ने-आण ही कामाच्या हिशेबात धरायची. दहा मजुरांसाठी एक प्रवासी गाडी भाड्याने लावली तर माणशी किती पडतात ते काढून ठेकेदारापुढे ठेवा, आणि ती रक्कम दर ठरवतानाच मागून घ्या. नंतर मागितली तर मिळत नाही.

येता-जाताना झालेला अपघात कामावरचा नसतो, असं ठेकेदार सांगतात आणि घरचेही मान्य करतात. मान्य करू नका. मराठवाड्यातल्याच एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना कारखान्यापासून काही किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. भरपाईचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि जुलै 2025 मध्ये निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला: घरून कामाला आणि कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ-जागा-कारण यांचा कामाशी संबंध दाखवता आला, तर कामातलाच धरायचा. बावीस वर्षं लागली ही लाजेची गोष्ट आहे, पण निकाल आहे.

भट्टीत काय जातं ते बघा

24 ऑगस्ट 2024 रोजी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन तप्त रस उडाला आणि वीसहून अधिक कामगार जखमी झाले. त्या अपघाताच्या कारणाबद्दल मी बोलत नाही. पण इंडक्शन भट्टी ज्या कारणांनी फुटते ती कारणं कुठल्याही जुन्या भट्टीवाल्याला तोंडपाठ असतात. तरी ती वारंवार का घडतात, तेवढं सांगतो.

भट्टीत सुमारे 1,600 अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस असतो. त्याच्या वर पाणी पडलं तर बहुतेक वेळा तडतडून वाफ निघून जाते. पाणी रसाच्या खाली अडकलं तर मात्र गत वेगळी. एक लिटर पाण्याची सतराशे लिटर वाफ होते, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत, आणि तिला वर यायला वाट हवी म्हणून ती अख्खा रस उचलून फेकते. हे पाणी भट्टीत घेऊन येतं ते भंगार. पावसाळ्यात उघड्यावर पडलेला पत्र्याचा दाबलेला गठ्ठा बाहेरून वाळलेला दिसतो, आत पेलाभर पाणी धरून असतो. दुसरा शत्रू म्हणजे बंद वस्तू: गाडीचे शॉकअप, फ्रिजचा कॉम्प्रेसर, गॅसची टाकी, हायड्रॉलिक जॅक, रंगाचा झाकण लावलेला डबा, आणि सगळ्यात फसवा, दोन्ही तोंडं चेपलेला पाईपचा तुकडा. त्यात पाणी नसलं तरी हवा आणि तेल असतं, तेवढं पुरतं.

म्हणून माझ्या मते भट्टीवरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस भट्टीजवळ नसतो, तो भंगाराच्या ढिगावर असतो. आणि बहुतेक कारखान्यांत तिथे सगळ्यात नवा, सगळ्यात कमी पगाराचा, कालच गावाहून आलेला पोरगा उभा असतो. हे उलटं करा. भंगार निवडायला दोन अनुभवी माणसं ठेवा, त्यांना पगार वाढवून द्या, आणि त्यांनी बाजूला काढलेली वस्तू पुन्हा ढिगात टाकायचा अधिकार मालकालासुद्धा ठेवू नका. बंद वस्तू कापून किंवा भोक पाडूनच पुढे जाईल. गॅसच्या टाकीला मात्र गॅसकटर लावण्याआधी व्हॉल्व्ह काढून ती पूर्ण रिकामी झाली का हे बघायला हवं, नाहीतर स्फोट भट्टीत न होता कटिंगच्या जागेवर होईल. पावसाळ्यात निदान दोन दिवसांचं भंगार शेडखाली राहील एवढी जागा करा. भट्टीत रस असताना ओलसर माल थेट टाकू नका. शंका असेल तर तो थंड भट्टीच्या पहिल्या भरण्यासाठी बाजूला ठेवा, तिथे तो तापत तापत वाळतो आणि वाफेला वाट मिळते.

भंगार तोंडाशी अडकून छत तयार होतं, त्याला भट्टीवाले ‘ब्रिजिंग’ म्हणतात. वरून वाटतं अजून वितळलं नाही, म्हणून करंट वाढवला जातो. खाली मात्र रस बेसुमार तापत असतो, अस्तर खात असतो. ब्रिजिंग दिसलं की आधी पॉवर बंद किंवा अगदी कमी. वर चढून सबलीने ठोकायचं नाही, जो ठोकतो तोच सगळ्यात आधी भाजतो. माणसं मागे घेऊन भट्टी तिरपी करून रस छताला लावायचा आणि वाट मोकळी करायची.

मग अस्तर. भट्टीच्या आत रॅमिंग मासचा थर असतो आणि त्याच्या पलीकडे काही इंचांवर तांब्याची कॉइल, तिच्यातून थंड पाणी फिरतं. म्हणजे 1,600 अंशांचा रस आणि पाणी यांच्यामध्ये एवढीच भिंत. अस्तर झिजत आल्याची सूचना देणारा अर्थ लीकेजचा बझर प्रत्येक भट्टीला असतो. तो वारंवार वाजतो, उत्पादन थांबतं, आणि मग एक दिवस कुणीतरी त्याची वायर काढून ठेवतो. कारखान्यात गेल्यावर मला कुणी विचारलं की पहिल्यांदा काय बघू, तर मी सांगेन की तो बझर दाबून बघा. वाजला तर पुढचं बोलू. किती हीट, म्हणजे वितळणीच्या फेऱ्या, झाल्यावर अस्तर नवं करायचं तो आकडा पाटीवर खडूने लिहिलेला असावा, प्रत्येक हीटनंतर पुढचा आकडा पडावा, आणि ‘आजची ऑर्डर निघू दे, मग बघू’ म्हणून तो पुसला जाऊ नये. भट्टीखालचा खड्डा रस सांडला तर तो झेलण्यासाठी आहे. त्यात पावसाचं पाणी, तेलकट चिंध्या, जेवणाचे कागद काही नको, कोरडा ठणठणीत हवा. वीज गेली तरी कॉइलला पाणी चालू राहील असा डिझेल पंप किंवा वरची टाकी हवी, आणि तो पंप आठवड्यातून एकदा खरोखर चालू करून बघितलेला हवा.

कपड्यांचं थोडक्यात, पण नीट ऐका. टेरिकॉट, नायलॉन, पॉलिस्टर अंगात नको, ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती कपडे, त्यावर चंदेरी कोट, तोंडावर जाळी किंवा काच. पँट बुटात खोचायची नाही, बुटावरून बाहेर सोडायची, नाहीतर उडालेला थेंब बाहेर न ओघळता सरळ बुटात उतरतो. आणि बूट लेस नसलेले, झटक्यात पाय काढता येणारे. गळ्यातला गमछा घाम पुसायला बरा असतो, रोलिंग मिलच्या फिरत्या शाफ्टजवळ तो फास होतो. रोलिंगमध्ये तापलेली सळई स्टँडमधून उसळून बाहेर पडते, तिला ‘कॉबल’ म्हणतात. ती कुठे जाईल याचा नेम नसतो, म्हणून चालू लाइन ओलांडून पलीकडे जायचं नाही. वळसा पन्नास पावलांचा असला तरी वळसाच. तापवायच्या भट्टीला कोळशाचा गॅस वापरत असाल तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखू लागलं, मळमळलं की लगेच बाहेर हवेत.

एक गोष्ट राहून जाते. भट्टीवरची पुष्कळ माणसं बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडची असतात आणि भिंतीवरच्या सूचना मराठीत किंवा इंग्रजीत. पाळी सुरू होताना पाच मिनिटं त्यांना कळेल अशा हिंदीत बोला. कुठे पळायचं ते सांगू नका, पायी चालवून दाखवा. पळायच्या वाटेवर बिलेटची थप्पी नको. आणि ‘बंद करो’ म्हणायचा हक्क कुणाला हे नाव घेऊन सांगा. कामगारांच्या सुरक्षेच्या नव्या संहितेत, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, धोका दिसला तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्या कानावर घालायचा हक्क कामगाराला आहे. कागदावरचा हा हक्क पाळीवर खरा व्हायचा तर, ज्याने भट्टी थांबवली त्याची हजेरी कापली जाणार नाही हे मालकाने एकदा सगळ्यांदेखत बोलून दाखवायला हवं.

घराच्या कामावर: सळई आणि तार

जालन्यात वळलेली सळई आपल्याच घराच्या स्लॅबवर जाते. ती बारा मीटरची असते, म्हणजे जवळपास चाळीस फूट. गल्लीत गाडी आली, मजुरांनी सळया उतरवल्या, आता पहिल्या मजल्यावर चढवायच्या. वरचा एक जण टोक धरून ओढतो, खालचा ढकलतो, सळई उभी होते आणि वरचं टोक झोक्यासारखं एका बाजूला जातं. त्या बाजूला 11 केव्हीची तार असेल तर दोघेही तिथेच संपतात. तारेला टेकायचीही गरज नसते, उच्च दाबाची वीज थोड्या अंतरावरूनही उडी मारते.

नियमाप्रमाणे 11 केव्हीच्या तारेपासून इमारत आडवी किमान 1.2 मीटर लांब हवी. ते अंतर तयार, गप्प उभ्या असलेल्या भिंतीसाठी आहे, हातात चाळीस फुटांचं लोखंड घेतलेल्या माणसासाठी नव्हे. तेव्हा ज्या बाजूला तार आहे त्या बाजूने सळई, पाईप, शिडी, सेंट्रिंगचे पत्रे काहीही वर न्यायचं नाही. दुसरी बाजूच नसेल तर सळई खालीच कापून, वाकवून, तुकडे करून न्या. थोडं लोखंड जोडात जास्त जाईल, जाऊ दे. महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन त्या दिवसापुरता पुरवठा बंद करून घेता येतो. घरमालकानेच हा अर्ज करावा, कारण मिस्त्री करणार नाही. तारेवर प्लास्टिकचा पाईप चढवणं हा उपाय नाही, आणि तो चढवायला जाणाराच त्यात सापडतो.

स्लॅबच्या दिवशी लिफ्टचा मिक्सर येतो, घाई असते, गिलासभर चहावर माणसं दिवस काढतात. आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवाल्याबरोबर खाली फिरा. टेकूच्या बुडाशी विटांचे तुकडे रचून उंची साधली असेल तर काढायला लावा, खाली फळी हवी. टेकू तिरपे असतील तर आडवे-तिरके बांधून घ्या. भराव ओला असेल तर स्लॅब एक दिवस पुढे ढकला. काँक्रीट ओतताना स्लॅबखाली कुणी थांबायचं नाही, गळती बघायला सुद्धा वाकून बाहेरूनच. लिफ्टच्या वायररोपचे धागे तुटलेले दिसले की ती रोप बदलायची, गाठ मारायची नाही. मिक्सरच्या मोटरीला थ्री पिन आणि अर्थिंग, आणि बोर्डावर ईएलसीबी. ओल्या हातांनी उघड्या वायरी प्लगात खोचणं तर आपल्याकडे कामाचा भागच झालं आहे, ते आधी बंद करा.

परांचीवर बेल्ट असतो पण हूक मोकळा लोंबत असतो, हे चित्र नवं नाही. हूक कमरेच्या वर, भक्कम जागी अडकवायचा. परांचीच्याच बांबूला अडकवला तर परांचीबरोबर माणूस खाली येतो. गवंड्याला बेल्ट अडचणीचा वाटतो, त्याचं कारणही ऐकून घ्या: बहुतेक वेळा अडकवायला जागाच ठेवलेली नसते. कॉलमच्या सळईत आडवी दोरी आधीच ताणून ठेवली की तो तक्रार करत नाही.

खड्ड्याचं सांगतो आणि पुढे जातो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात त्या भेगेवरच सरकते. दीड मीटरपेक्षा खोल खणायचं तर बाजू उतरती ठेवा किंवा फळ्यांनी आधार द्या, आणि निघालेली माती काठापासून निदान दीड मीटर दूर टाका. जुन्या विहिरीत, टाकीत, सेप्टिक टँकमध्ये एक जण कोसळला तर दुसऱ्याने त्याला काढायला उतरायचं नाही. बाहेरून दोरीने काढा, फायर ब्रिगेड बोलवा. उतरणारे एकामागून एक जातात, हे पेपरात वाचून वाचून आपण सुन्न झालो आहोत. आणि एप्रिल-मे मध्ये बारा ते चार काम बंद, सकाळी लवकर सुरू करा. माठ जवळ, मीठ-साखरेचं पाणी जवळ. उन्हात माणूस घामाने भिजला आहे तोवर ठीक, घाम थांबून तो बरळायला लागला तर तो दमलेला नाही, मरणाच्या दारात आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

भाजल्यावर पहिली वीस मिनिटं

हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फ नको. वाहतं थंड पाणी, सलग वीस मिनिटं. कातडीला चिकटलेला कपडा किंवा धातू ओढून काढू नका, भोवतीचा कपडा कापा. अंगठी, कडं, पट्टा सूज यायच्या आत काढा. मग स्वच्छ सुती चादरीत गुंडाळा, कारण मोठं भाजलेला माणूस पाण्यानंतर गारठतो. विजेचा झटका बसला असेल तर आधी मेन स्विच, मग माणूस. बाहेरून जखम लहान दिसली तरी दवाखान्यात न्याच, विजेने हृदयाचे ठोके नंतर बिघडू शकतात.

आणि पत्ता आधी ठरवा. जास्त भाजलेल्यांना शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात न्यावं लागतं, म्हणजे सुमारे साठ किलोमीटर. कोणत्या गाडीने, सोबत कोण, पैसे कुणाकडे, हे अपघात झाल्यावर ठरवायला घेतलं की अर्धा तास गेटवरच जातो. कारखान्याने हे पाटीवर लिहावं. घराच्या कामावर मिस्त्री आणि मालक यांनी तोंडी ठरवलं तरी चालेल, पण ठरवावं.

कागद

मजुराच्या घरच्यांसाठी हा भाग. बांधकामावर वर्षात 90 दिवस काम केलं असेल आणि वय 18 ते 60 मध्ये असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार, ग्रामपंचायत किंवा महानगरपालिका-नगरपालिकेकडून मिळतो. नोंदणीचं नूतनीकरण चुकवू नका. भांड्यांचा संच मिळाला की लोक नूतनीकरण विसरतात, आणि खरा आधार तर अपघातातच लागतो.

हजेरीपुस्तकात नाव आहे का, हे महिन्यातून एकदा स्वतः डोळ्यांनी बघा आणि मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढा. मुकादम ज्या आकड्याने पैसे देतो तो व्हॉट्सअॅपवर आला असेल तर पुसू नका. पासोडीसारख्या जागी कोण कामावर होतं हे सिद्ध करायचं तर एवढाच पुरावा हाताशी असतो. कारखान्यात ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) नंबर मिळाला का विचारा. तो असेल तर कामावरच्या मृत्यूनंतर कुटुंबाला पगाराच्या 90 टक्क्यांपर्यंत निवृत्तिवेतन मिळतं. नसेल तर भरपाई मालकाकडून येते, आणि ती किती हे सूत्राने ठरतं, मालकाच्या मनावर नाही. जुन्या 1923 च्या कायद्याखाली 2020 पासून हिशेबाला महिना 15,000 रुपयांपर्यंत मजुरी धरत आले. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98. निम्मी मजुरी 7,500, गुणिले 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, तेव्हा आजचा नेमका आकडा कामगार कार्यालयातून काढून घ्या.

हा आकडा माहीत असणं गरजेचं आहे, कारण मातीच्या दिवशीच गावातला एखादा भला माणूस मध्ये पडतो, दोन लाख रोख ठेवतो आणि स्टॅम्पपेपरवर विधवेचा अंगठा घेतो. मृत्यूची भरपाई मालकाने अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. थेट घरात दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ सोडली तर, भरपाईत धरली जात नाही. ते पैसे घ्या, नाही म्हणू नका. अंगठा मात्र देऊ नका.